बाबाचा बार

झिंगूला जाऊन वर्ष झालं, तरी त्याची बंदूक भरलेलीच होती.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मागच्या साली धान कापणीला आलं आणि रानडुकरं बांधीत उतरू लागली. झिंगूनं भरमार बंदूक खाली काढली, नळीत बार भरला, निघण्याआधी तंबाखू मळायला म्हणून भिंतीला टेकून बसला आणि डुकरांच्या आधी स्वतःच गेला. तंबाखू तळहातावर मळून तयार होती. ती गावच्या पुजाऱ्यानं, डोमा भूमियानं खाल्ली, मेलेल्या माणसाची मेहनत वाया जाऊ नये म्हणून. बार मात्र नळीतच राहिला.

त्या घराण्याची रीतच तशी होती. मेलेल्या माणसानं शेवटचा भरलेला बार कोणी उडवायचा नाही, कोणी काढायचाही नाही. वर्ष झालं की त्याच्या नावाचा दगड रोवायचा, आणि दगडापाशी उभं राहून मुलानं तो बार आभाळात सोडायचा. बार गेला की माणूस सुटला. आणि ज्यानं सोडला तो घराचा मुखिया. घरचे पेन म्हणजे देव, घरची बांधी, घरातला शेवटचा शब्द, सगळं त्याचं. झिंगूच्या बापाच्या वेळी अडचण आली नाही, कारण त्याला झिंगू हा एकच मुलगा होता. झिंगूनं ही सोय पुढच्या पिढीला ठेवली नाही.

लच्छू थोरला होता. धनराजला मुलगा होता. लच्छूला एक मुलगी, मैना, आणि नंतर काही नाही. दोघांचा दावा एवढ्यावरच उभा होता, आणि वर्षभर दोघं तेच फिरवून फिरवून एकमेकांना फोनवर सांगत होते. नेटवर्क टेकडीवरच मिळे, त्यामुळे लच्छूला भांडायलासुद्धा चढण चढावी लागे.

बंदुकीचं लायसन झिंगूच्या नावावर. माणूस गेला की बंदूक जमा करावी लागते, आणि जमा केली तर बार कसा सोडणार? म्हणून त्याची बायको सुकरी पोलीस मदत केंद्रात गेली आणि बंदूक नाल्याच्या पुरात वाहून गेली म्हणून सांगून आली. साहेबांनी विचारलं, पुरात बंदूक कशाला नेली होती? सुकरी म्हणाली, "थे बुढ्याले इचारा." तेव्हापासून सरकारच्या हिशेबानं ती नाल्यात होती, आणि घरात छपराखालच्या आड्याला, दोरीनं घट्ट बांधलेली, कोणाचा हात पोचणार नाही अशी.

दगड रोवायच्या आदल्या दिवशी सकाळी सुकरीनं ती खाली उतरवली.

*

धनराजचं बिऱ्हाड चंद्रपूरहून ऑटोनं आलं. ऑटो त्याच्या बायकोची, रीनाची होती, चालवतही तीच होती. धनराजचं खाणीतलं ठेकेदाराचं काम सुटल्यापासून घर त्या ऑटोवर चाललं होतं. तो मागे गिऱ्हाइकासारखा बसला होता, मांडीवर पिशवी, शेजारी सात वर्षांचा पवन. लोहखनिजाच्या ट्रकांमागून आल्यामुळे उतरले तेव्हा तिघंही एकाच रंगाचे होते.

"रस्त्यानं आली का खदानीतून?" दुर्गानं, लच्छूच्या बायकोनं, विचारलं.

"रस्ता दिसला नाई बाई कुठी," रीना म्हणाली, आणि तोंड धुवायला वळली तेव्हा तिला अंगणातला मांडव दिसला. मांडवाखाली हळद फासलेला दगड. दगडापुढे दोन बेचक्या रोवलेल्या, गुडघ्याएवढ्या, आणि त्यांवर आडवी, गळ्यात झेंडूची माळ घातलेली बंदूक.

पाणी तिच्या हातातच राहिलं.

"भरली हाय थे?"

"बाबाचा बार हाय," लच्छू म्हणाला.

"म्हंजे भरली हाय."

"वर्षभरापासून भरली हाय. आता काय नवीन?"

"वर्षभर वर होती नं, भाऊ. आता खाली हाय. अन इथी पोट्टे खेडतेत."

चंद्रपुरात गिरनार चौकापासून बसस्टँडपर्यंत दिवसभर तिचा एकच धंदा होता: लहान पोर कुठून रस्त्यावर येईल हे पोराच्या आधी ओळखणं. या अंगणात तिला सगळ्या वाटा बंदुकीकडेच जाताना दिसत होत्या. कोंबड्यांच्या खुराड्याकडून एक, न्हाणीकडून एक. आणि पवन उतरल्या उतरल्या मैनाला घेऊन त्याच वाटांवरून पळायला लागलाही होता.

सासूला ती मामी म्हणायची. "मामी, वर बांधा ना तिले परत."

सुकरी धान निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "वर ठेवली का रातच्याले कोण चढन सांगता येत नाई. तुहा नवरा चढन नाईतर हिचा नवरा चढन, अन फाटेच बार सोडून मुखिया होऊन बसन. इथी सगळ्याईचे डोये राह्यते. मले चोरीचा मुखिया नाई पायजे घरात."

"मी कायले चढन?" धनराज.

"मंग मी चढन काय?" लच्छू.

"तू तर इथीच राह्यतं. तुले चढाले वर्ष भेटलं."

"म्हून तर चढलो नाई. चढाचं असतं तं तुह्या ऑटोची वाट पाह्यत बसलो असतो का?"

"माही नाई, तिची हाय ऑटो," धनराज म्हणाला, आणि हे आपण का सांगितलं ते त्यालाच कळलं नाही.

दुर्गा हसली. रीना हसली नाही. "मी म्हणतो, तुम्ही उद्या भांडा. आज थे रिकामी करा."

"बार काहाडाचा नसते."

"मंग नळीत गिलासभर पाणी ओता. दारू भिजन. पोट्टे वाचतीन."

डोमा भूमिया मांडवाची दोरी ताणत होता. त्यानं दोरी सोडली आणि मांडव एका बाजूनं कलला. "बाबाले बुडवतं का, बाई?"

"वर्षभर बसला बिचारा त्या नळीत," सुकरी म्हणाली. आता तिनं मान वर केली होती. "अन जाच्या आदल्या दिवशी तू त्याले भिजवतं?"

"चंद्रपूरवाली हाय," दुर्गा म्हणाली. "तिच्याकडं मानसं नळानं जातेत."

रीनानं नवऱ्याकडे पाहिलं. धनराजला उद्या मुखिया व्हायचं होतं. ज्याची बायको सासऱ्यावर पाणी ओतायला निघते तो मुखिया होत नाही. "तू गप राय वो," तो म्हणाला. "टोपीबिगर बंदूक म्हंजे काठी. मले बाबानं शिकवलं हाय."

हे मात्र लच्छूलाही मान्य होतं. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीची ठिणगी आत जाते; टोपी नाही तर ठिणगी नाही. सगळा प्रश्न बंदुकीचा नसून टोप्यांचा आहे, असं ठरलं. हे ठरल्यावर सगळ्यांना बरं वाटलं.

झिंगूची लोखंडी पेटी बाहेर आणली गेली. आधी बंदूकच तीत घालून पाहिली. नळी हातभर बाहेर राहिली. झाकण लावलं की पेटी कोणावर तरी नेम धरून बसल्यासारखी दिसे. तेव्हा बंदूक परत बेचक्यांवर ठेवली आणि टोप्यांची डबी पेटीत ठेवली. लच्छूनं आपलं कुलूप लावलं. धनराजनं ऑटोच्या चाकाला साखळीनं लावायचं कुलूप आणलं आणि दुसऱ्या कडीत अडकवलं. चाव्या कोणाजवळ, यावर पुन्हा वाद झाला. शेवटी दोन्ही सुकरीच्या पदराला बांधल्या. धनराजच्या कुलपाची चावी आणि ऑटोची चावी एकाच कडीत होती, तर कडीच बांधली. गाठ लच्छूनं मारली. मग धनराजनं तिच्यावर आणखी एक मारली.

असा चोख बंदोबस्त झाला. थोरल्यापासून धाकट्याचा, धाकट्यापासून थोरल्याचा, आणि दोघांपासून म्हातारीचा.

"अन पोट्ट्याईपासून?" रीना म्हणाली.

"पोट्टे काय मुखिया होनार हायेत?" सुकरी म्हणाली.

*

दुपारी जेवणं झाली. धनराजनं पिशवी उघडली. मैनासाठी केसांचे चिमटे होते, फुलपाखरांचे. पवनला त्यानं दिवाळीतच टिकल्यांचं पिस्तूल घेऊन दिलं होतं. टिकल्यांच्या डब्या उरल्या होत्या, त्या त्यानं इथे वाजवायला आणल्या होत्या. शहरात शेजारी ओरडतात. जंगलात कोण ओरडणार?

मग तो बेचक्यांपाशी बसला आणि खोबरेल तेलाच्या चिंधीनं बंदूक पुसू लागला. घोडा गंजून अडकला होता. उद्या गावासमोर चाप ओढायचा आणि घोडा हलायचाच नाही, हे त्याला चालण्यासारखं नव्हतं. तेल मुरवून मुरवून त्यानं तो असा मोकळा केला की बोटानं मागे घेतला तरी येईल.

लच्छू ओट्यावरून बघत होता. "कोन सोडनार थे ठरलं नाई अजून."

"मी पुसून राह्यलो फक्त."

"पुसता पुसता टोपी तं नाई बसवली?"

"टोपी पेटीत हाय. दोन कुलपं हायेत."

"तुह्या कुलपाची दुसरी चाबी चंद्रपुरात असन."

"अन तुहं कुलूप तं कंगव्यानंही उघडते. लहानपनापासून पाहून राह्यलो."

दोघं उठले आणि आत परत नेऊन ठेवलेल्या पेटीकडे गेले, एकमेकांचं कुलूप ओढून पाहायला.

दुर्गा न्हाणीपाशी भांडी घासत होती. दुपारभर अंगणात टिकल्या फुटत होत्या, टप, टप, आणि तिच्या कानाला त्याची सवय झाली होती. पवन शिकारी होता. मैना डुक्कर होती. डुक्कर ती फार छान करायची. मागच्या वर्षी आजासोबत माचणावर बसून तिनं डुकरांचा आवाज उचलला होता, आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून, केसांत फुलपाखरं लावून, खुराड्यामागून हुंकारत येत होती. दुर्गाला हसू आलं.

"हे छोटी बंदूक हाय," मैना डुकरातून बाहेर येऊन म्हणाली. "इच्यानं डुक्कर मरत नाई. आज्याची पायजे."

"थिले टिकली नाई."

"तुह्याजवळ हाय नं."

दुर्गानं हे ऐकलं. नंतर ती हे सगळ्यांना सांगणार होती: की तिनं ऐकलं, आणि हातातला गंज, भाताचं पातेलं, घासून होईपर्यंत थांबली, कारण तळाशी भात लागला होता.

मैना परत डुक्कर झाली.

पुढचा आवाज टिकलीचा नव्हता.

आत दोघं भाऊ एकमेकांची कुलपं हातात धरून उभे होते. दोन्ही कुलपं पक्की होती.

*

पोट आणि मांडी. रीना पहिली पोचली. पोराला तिनं खांद्याला धरून दूर ढकललं, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि आपली ओढणी मैनाच्या पोटाला गुंडाळू लागली. धूर मांडवातच अडकला होता. पवनच्या हातात टिकल्यांची डबी होती आणि तो म्हणत होता, "मी टिकलीच लावली होती. टिकलीच लावली होती."

दुर्गानं मुलीचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या हाताला राख होती.

लच्छूच्या हातात अजून कुलूप होतं. म्हणजे पेटीच होती. तो पेटी ओढत बाहेर आला होता. त्याला मुलगी दिसत होती. पण तिच्यामागे, तिच्यापेक्षा स्पष्ट, बंदूक दिसत होती, आणि बंदुकीमागे मदत केंद्राचं तारेचं कुंपण. या जिल्ह्यात बंदूक म्हटली की पहिले कोणाला लागली ते विचारत नाहीत. कोणाची ते विचारतात. मग कुठून आणली, मग जंगलातल्या नक्षल्यांसाठी ठेवली का.

"एटापल्लीच्या दवाखान्यात न्या लागन," रीना म्हणाली. "चाबी द्या."

"थांब," धनराज म्हणाला. "तिथी काय सांगाचं?"

"काय सांगाचं म्हंजे?"

"पवनले नेतीन ना पोलीस."

"मले नेतीन," लच्छू म्हणाला. "बंदूक माह्या घरात हाय. मी आत गेलो तं हिले कोन पायन?" आणि त्यानं मैनाकडे बोट दाखवलं, ती बरी होऊन समोर बसली असल्यासारखं.

"अस्वल म्हना," धनराज म्हणाला.

"अस्वल. हो. अस्वलानं धरलं."

वर्षभरात दोघा भावांचं एकमत झालं ते टोपीनंतर हे दुसरं.

"अस्वलाजवळ छर्रे कुठून आले?" दुर्गानं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"मंग झाडावरून पडली म्हना."

"छर्ऱ्याच्या झाडावरून?"

"सिलेंडर फुटला म्हना," लच्छू म्हणाला.

"थो रिकामा हाय सहा महिन्यापासून. मीच चुलीवर रांधून राह्यलो, तुमाले दिसत नाई काय?" आणि आता दुर्गाचा आवाज फुटला. "रीना! अवं रीना, चाल ना! हे दोघं बसन दे अस्वलं शोधत!"

रीना सासूसमोर उभी राहिली. "मामी. चाबी."

सुकरी पदराची गाठ सोडवत होती. ती मघापासूनच सोडवत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. लच्छूची गाठ, तिच्यावर धनराजची गाठ, आणि तिची बोटं हलत होती पण गाठ हलत नव्हती. "सुटत नाई," ती म्हणाली. "यानं मारली, अन मंग त्यानं मारली. सुटत नाई वो माय."

"माय, पयले ठरवू दे," धनराज म्हणाला.

सुकरीनं पदर दातात धरला आणि फाडला. लुगड्याचा तुकडा, दोन्ही गाठी आणि सगळ्या चाव्या तिनं रीनाच्या हातात दिल्या.

"दगडाजवळ खोटं बोलनारा मुखिया होत नाई," ती मुलांना म्हणाली. "आता दोघंही नाई."

ऑटो चालू झाली. दुर्गा मैनाला घेऊन मागे बसली. धनराज चढायला गेला तर दुर्गानं पायानंच त्याला मागे सारलं. लच्छू चढायला गेलाच नाही. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा ऑटो नाला ओलांडून गेली होती.

*

डोमा भूमिया जेवून घरी गेला होता. बाराचा आवाज त्यानं तिथे ऐकला. त्याला वाटलं भावांचं मिटलं आणि त्यांनी एक दिवस आधीच उरकलं. आपल्याला बोलावलं नाही याचा त्याला राग आला, पण रीत चुकू नये म्हणून हळद लावलेले तांदूळ मुठीत घेऊन तो घाईनं आला.

मांडवाखाली जमिनीवर ओलं होतं आणि त्यावर कोणीतरी राख टाकली होती. बंदूक बेचक्यांवर नव्हती. वर्षभर भरलेली ती बंदूक रिकामी झाल्यावर दोघा भावांनी मिळून आड्याला चढवली होती, एकानं शिडी धरली आणि दुसऱ्यानं दोरी बांधली, आणि आता ती इतकी वर आणि इतकी घट्ट होती की कोणाचा हात लागणं शक्य नव्हतं.

"बार कोनं सोडला?" डोमानं विचारलं.

लच्छू ओट्यावर बसला होता. या प्रश्नाचं उत्तर तो वर्षभर तोंडात घोळवत होता. टेकडी चढताना, बांधीत चिखल तुडवताना, रात्री दुर्गा झोपल्यावर. एक शब्द. फक्त तो म्हणायला मिळावा म्हणून त्यानं भावाशी भांडणाखेरीज बोलणं सोडलं होतं.

"लच्छू, तू सोडला?"

लच्छूनं मान हलवली. नाही.

"मंग धनराज. तू."

धनराज शिडीला टेकून उभा होता. त्यानंही मान हलवली.

"मंग काय बुढ्यानंच सोडला?"

"मी," खुराड्यापासून आवाज आला.

पवन तिथे एकटा बसला होता. टिकल्यांचं पिस्तूल त्यानं कोंबड्यांच्या खुराड्यात आत सरकवून वर फळी लावली होती आणि फळीवर दगड ठेवला होता. घरातलं एवढं एकच हत्यार त्या दिवशी नीट ठेवलं गेलं.

"मी सोडला," तो परत म्हणाला. "टिकलीनं."

डोमा म्हातारा होता, आणि म्हाताऱ्या माणसाचा हात डोक्याच्या आधी चालतो. जो म्हणेल मी सोडला, त्याच्या कपाळाला तांदूळ. हात अर्धा वर गेला. तेव्हा सुकरी मधे आली आणि तिनं त्या हातावर अशी चापट मारली की सगळे तांदूळ अंगणभर उडाले.

थोड्या वेळानं कोंबड्या आल्या आणि राख सोडून बाकीचे वेचू लागल्या.

*

ट्रकांची रांग रस्त्यावर उभी होती, एकामागे एक, लाल, कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते दिसत नव्हतं. रीना ऑटो रस्त्याच्या कडेनं, झाडं आणि चाकांच्या मधून, एका अंगावर घेऊन चालवत होती. हॉर्नवरचा अंगठा तिनं गावापासून काढला नव्हता.

"जोरात चालव ना वो!"

"जोरातच हाय, बाई."

"अजून जोरात! मैने. ए मैने. ट्रक पाय किती हायेत. मोज बरं. शाळेत मोजतं ना?"

"पानी," मैना म्हणाली.

दोघींपैकी कोणी पाणी घेतलं नव्हतं.

"एटापल्लीत देतो. आलंच हे. रीना, एटापल्ली आलंच ना?"

"आलंच."

आलं नव्हतं. वळणावर एक ट्रक आडवा झाला होता. रीनानं चाक खड्ड्यात घातलं, ऑटो कलली, परत वर आली. मागून मैनाचा आवाज आला, रडण्याचा नाही, नुसता धक्क्याचा.

"तिथी इचारतीन," रीना समोर बघत म्हणाली. "कोनं मारलं म्हून."

दुर्गानं मैनाच्या केसांतला सुटलेला चिमटा परत लावला.

"सांग तू. पवनचं नाव सांग. मी नाई म्हननार नाई."

"अन थ्याच्या हातात कोनं देली थे?" दुर्गा म्हणाली. "तुह्या नवऱ्यानं तेल लावलं. माह्या नवऱ्यानं बेचक्या गाडल्या. बुढीनं खाली काहाडली. अन मी गंज घासत होतो. कितीकाईचं नाव सांगू मी डाक्टरले?" मग, एकदम: "मी हासलो होतो तुले. पानी ओता म्हने तवा."

"जाऊ दे, बाई."

"जोरात चालव."

"हो."

"मैने, मोजून राह्यली ना? इथून किती झाले? मोज. थो मोठा गेला, थो एक. मंग थो. मैने, हा पाय, याले किती चाकं हायेत. आपल्या ऑटोले तीनच हायेत. काकूनं आनली, चंद्रपूरहून. तुले चक्कर मारून देते म्हने उद्या. ना वो रीना?"

"हो. देतो ना. नाल्यापर्यंत."

"अयक. नाल्यापर्यंत नेते म्हने काकू. समोर बसवते. हॉर्न तुले वाजवू देते. मैने."

रीनानं आरसा पाहिला नाही. आरशावर लाल धूळ बसली होती, पुसली असती तर दिसलं असतं. ती खड्डे पाहत राहिली. एक चुकवला. दुसरा चुकवला. मागे दुर्गा बोलायची थांबली होती. रीनाला वाटलं, ती दम घेत असेल, आता बोलेल, आता म्हणेल जोरात चालव. ती वाट पाहत होती. रांग संपली, समोर रस्ता मोकळा झाला, आणि दूर एटापल्लीचा टॉवर झाडांवरून वर आलेला दिसला.

"रीना," दुर्गा म्हणाली. "हळू चालव आता. धक्के लागून राह्यले तिले."

हळू चालवा, असं चंद्रपुरात तिला दिवसातून कितीतरी पॅसेंजर म्हणायचे, आणि रीनानं आजवर एकाचंही ऐकलं नव्हतं.

तिनं अंगठा हॉर्नवरून काढला. मोकळ्या रस्त्यावर, टॉवर समोर दिसत असताना, तिनं गाडी हळू केली.